पटिंग कौशल्याचे मापन

गोल्फ या खेळातील पटिंग कौशल्याचे मापन म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवत खळग्यात पाडण्याची खेळाडूची क्षमता आकड्यांत मांडणे आणि त्या आकड्यांची दीर्घकाळ नोंद ठेवून प्रगती वा घसरण पारखणे होय. एका फेरीत एकूण किती पट लागले, हे या मापनाचे सर्वांत जुने व सर्वांत सोपे साधन आहे. मात्र पटांची संख्या ही पटिंगइतकीच त्याआधीच्या फटक्यावरही अवलंबून असते. चेंडू खळग्याच्या किती जवळ येऊन थांबला, यावर पुढचे काम सोपे की अवघड हे ठरते. म्हणून पहिल्या पटाचे अंतर विचारात न घेता केलेली मोजणी अनेकदा चुकीचा निष्कर्ष देते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पर्धांमधील प्रत्येक फटक्याचे अंतर मोजून साठवणे शक्य झाले. त्यातून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ म्हणजे फटके-लाभ ही पद्धत विकसित झाली आणि २०११ साली अमेरिकेतील पीजीए टूरने पटिंगसाठी ती अधिकृतपणे स्वीकारली.

## संज्ञा व नियम

गोल्फच्या मैदानावरील प्रत्येक होलच्या शेवटी अतिशय आखूड कापलेल्या गवताचा, हलके चढउतार असलेला भाग असतो. त्याला ग्रीन म्हणतात. ग्रीनवरील ज्या खळग्यात चेंडू पाडायचा, त्याचा व्यास नियमानुसार ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास १.६८ इंचांपेक्षा कमी असून चालत नाही. ग्रीनवर जवळपास सपाट तोंडाची ‘पटर’ ही काठी वापरतात. चेंडू हवेत न उडवता जमिनीवरून घरंगळवणारा हिचा फटका म्हणजे ‘पट’. मराठीत ‘पट’ हा शब्द गुणाकाराच्या अर्थानेही येतो. या लेखात तो सर्वत्र फटक्याच्याच अर्थाने वापरला आहे. तसेच ‘होल’ हा शब्द खेळाच्या अठरा टप्प्यांपैकी एका टप्प्यासाठी आणि ‘खळगा’ हा शब्द प्रत्यक्ष जमिनीतील छिद्रासाठी योजला आहे.

आकडेवारीच्या दृष्टीने ग्रीनवरून मारलेला फटकाच पट मानला जातो. चेंडूचा काही भाग जरी ग्रीनला टेकलेला असला, तरी तो ग्रीनवर आहे असे नियम सांगतो. ग्रीनच्या कडेच्या किंचित उंच गवतातून पटरनेच मारलेला फटका मात्र पटांच्या हिशेबात धरत नाहीत. नोंदी ठेवणाऱ्याने हा भेद सुरुवातीपासून पाळला नाही, तर त्याच्या आकड्यांची इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही.

प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची जी संख्या ठरवलेली असते, तिला पार म्हणतात. पार ठरवताना ग्रीनवरील दोन पट गृहीत धरलेले असतात. त्यामुळे पार ४ असलेल्या होलवर दोन फटक्यांत, तर पार ५ असलेल्या होलवर तीन फटक्यांत चेंडू ग्रीनवर पोहोचला, तर ‘ठरल्या फटक्यांत ग्रीन गाठले’ असे म्हणतात. या हिशेबाने अठरा होलांच्या फेरीत ३६ पट होतात. प्रत्यक्षात पीजीए टूरवरील व्यावसायिक खेळाडूंना एका फेरीत सरासरी सुमारे २९ पट लागतात.

## इतिहास

खळग्याचा ४.२५ इंच हा व्यास स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने १८९१ साली नियमात निश्चित केला. सर्वत्र एकाच मापाचा खळगा आल्याने वेगवेगळ्या मैदानांवरील पटिंगची तुलना करण्यास प्राथमिक आधार मिळाला. ग्रीनचा वेग मोजण्याचे साधन १९३५ साली अमेरिकेत एडवर्ड स्टिम्पसन यांनी तयार केले.

पटिंगचा शास्त्रीय अभ्यास ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात झाला. गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनावर आधारित असे ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांचे ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक १९६८ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या अंतरावरून किती पट खळग्यात जातात, हा प्रश्न त्यात अनुभवाच्या किंवा मतांच्या आधारे न सोडवता प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे हाताळला गेला. पीजीए टूरने १९८० पासून खेळाडूंची आकडेवारी नियमितपणे ठेवण्यास आरंभ केला. पूर्वी नासामध्ये काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डेव्ह पेल्झ यांनी पुढे पटिंगच्या चाचण्या व प्रशिक्षण यांना वाहून घेतले. त्यांचे ‘पटिंग बायबल’ हे पुस्तक २००० साली आले.

निर्णायक बदल ‘शॉटलिंक’ या यंत्रणेमुळे झाला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पीजीए टूरच्या स्पर्धांमध्ये ही यंत्रणा रुजली. मैदानावरील स्वयंसेवक लेझर उपकरणांच्या साहाय्याने प्रत्येक फटक्यानंतर चेंडूचे स्थान टिपत आणि ते संगणकात साठवले जाई. त्यामुळे लाखो पटांची अंतरे व त्यांचे निकाल अभ्यासकांना उपलब्ध झाले. कोलंबिया विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या माहितीवरून फटके-लाभाची संकल्पना मांडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी संबंधित डग्लस फिअरिंग, जेसन ॲसिमोविक व स्टीफन ग्रेव्ह्ज यांनीही पटिंगच्या मूल्यमापनावर याच काळात संशोधन केले. २०११ मध्ये पीजीए टूरने पटिंगमधील फटके-लाभ हे अधिकृत माप म्हणून जाहीर केले. ब्रॉडी यांचे ‘एव्हरी शॉट काउंट्स’ हे पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले.

## पारंपरिक मापे व त्यांच्या मर्यादा

### फेरीतील एकूण पट

अठरा होलांवरील पटांची बेरीज हे माप कोणालाही ठेवता येते. त्यासाठी गुणपत्रिकेवर एक जादा ओळ पुरते. मात्र त्यात एक मोठा दोष आहे. जो खेळाडू ठरल्या फटक्यांत ग्रीन गाठतो, त्याचा चेंडू पुष्कळदा खळग्यापासून २० ते ४० फूट अंतरावर थांबतो आणि त्याला दोन पट लागणे स्वाभाविक असते. याउलट ज्याचा फटका ग्रीन चुकतो, तो बाहेरून छोटा चिप फटका मारून चेंडू खळग्याच्या चार-पाच फुटांत आणतो आणि एका पटात काम उरकतो. होलवरील एकूण फटके दोघांचे सारखेच झाले, तरी पटांच्या रकान्यात दुसऱ्याची संख्या कमी दिसते. म्हणजेच ग्रीन वारंवार चुकवणारा खेळाडू पटिंगमध्ये निपुण आहे असा भास होतो.

शाळेतील उपमा द्यायची, तर एका विद्यार्थ्याला सोपी आणि दुसऱ्याला अवघड प्रश्नपत्रिका देऊन केवळ गुणांवरून त्यांचा क्रम लावण्यासारखे हे आहे.

### ठरल्या फटक्यांत गाठलेल्या ग्रीनवरील सरासरी

वरील दोष कमी करण्यासाठी ज्या होलांवर ठरल्या फटक्यांत ग्रीन गाठले, केवळ त्याच होलांवरील पटांची सरासरी काढण्याची प्रथा पडली. चिप मारून मिळालेले सोपे पट यात वगळले जातात. तरीही ग्रीन गाठणारा फटका खळग्यापासून १० फुटांवर थांबला की ५० फुटांवर, याची दखल या मापात नाही. परिणामी लोखंडी काठ्यांनी अचूक खेळणाऱ्या खेळाडूला पटिंगचे श्रेय विनाकारण मिळते. शिवाय चिपनंतरचे छोटे पट, ज्यांवर पार वाचतो वा हुकतो, ते मोजणीतून पूर्णपणे निसटतात.

### तीन पटांचे होल

एका होलवर तीन किंवा अधिक पट लागण्याचे प्रसंग मोजणे, हे तिसरे प्रचलित माप आहे. लांबच्या पटांवरील नियंत्रण त्यातून काही प्रमाणात कळते. परंतु हेही अंतराशी बांधलेले आहे. पीजीए टूरवरील खेळाडूंना २० फुटांवरून तीन पट लागण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के, ४० फुटांवरून सुमारे १० टक्के, तर ५० फुटांवरून सुमारे १७ टक्के असते. मोठ्या ग्रीनच्या मैदानावर खेळणाऱ्याला तीन पट अधिक वेळा लागले, तर त्याचे कारण हातातील दोष हेच असेल असे नाही.

## फटके-लाभ पद्धत

### मूळ कल्पना

या पद्धतीत पटांची नुसती संख्या न पाहता, त्याच अंतरावरून खेळणाऱ्या प्रमाण खेळाडूला सरासरी किती पट लागतात, याच्याशी तुलना केली जाते. सूत्र साधे आहे:

फटके-लाभ = पहिल्या पटाच्या अंतरावरून अपेक्षित पट − प्रत्यक्ष लागलेले पट

उत्तर धन आले, तर खेळाडूने फटके कमावले. ऋण आले, तर गमावले. ब्रॉडी यांनी दिलेल्या पीजीए टूरच्या सरासरीनुसार काही अंतरांचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत.

| खळग्यापासून अंतर (फूट) | एका पटात यश (टक्के) | अपेक्षित पट |
|---|---|---|
| ३ | ९६ | १.०४ |
| ४ | ८८ | १.१३ |
| ५ | ७७ | १.२३ |
| ८ | ५० | १.५० |
| १० | ४० | १.६१ |
| १५ | २३ | १.७८ |
| २० | १५ | १.८७ |
| ३० | ७ | १.९८ |
| ४० | ४ | २.०६ |

दूरचित्रवाणीवर सामने पाहणाऱ्यांना हे आकडे अनपेक्षित वाटतात. जगातील उत्तम खेळाडूही ८ फुटांवरून निम्मेच पट खळग्यात घालतात आणि १० फुटांवरून दहापैकी सहा चुकवतात. सुमारे ३३ फुटांवरून त्यांना सरासरी नेमके दोन पट लागतात. साधारणतः ९० फटक्यांत फेरी संपवणाऱ्या हौशी खेळाडूच्या बाबतीत निम्म्या यशाचे हे अंतर सुमारे ५ फूट असते. १० फुटांवरील पट चुकला म्हणून स्वतःला दोष देणारा हौशी खेळाडू अशा वेळी जे व्यावसायिकालाही बहुधा साधत नाही, त्याची अपेक्षा करत असतो.

### उदाहरण

‘अ’ आणि ‘ब’ या दोन खेळाडूंच्या पाच होलांचा काल्पनिक हिशेब पाहू.

* ‘अ’ने पाचही ग्रीन ठरल्या फटक्यांत गाठली. त्याच्या पहिल्या पटांची अंतरे ३०, २०, ४०, १५ व ३३ फूट. लागलेले पट अनुक्रमे २, २, २, १ व २, एकूण ९. अपेक्षित पट १.९८ + १.८७ + २.०६ + १.७८ + २.०० = ९.६९. फटके-लाभ +०.६९.
* ‘ब’ची पाचही ग्रीन चुकली, प्रत्येक वेळी त्याने चिप मारून चेंडू जवळ आणला. अंतरे ५, ३, ८, ४ व १० फूट. लागलेले पट अनुक्रमे १, १, २, १ व २, एकूण ७. अपेक्षित पट १.२३ + १.०४ + १.५० + १.१३ + १.६१ = ६.५१. फटके-लाभ −०.४९.

पटांची संख्या पाहिली, तर ‘ब’ दोन फटक्यांनी सरस ठरतो. अंतराचा विचार करताच चित्र उलटते आणि पटिंगमध्ये ‘अ’ हाच १.१८ फटक्यांनी पुढे असल्याचे दिसते. जुन्या मापावर विसंबून ‘अ’ने नवा पटर घेतला आणि ‘ब’ने पटिंगचा सराव सोडला, तर दोघांचेही नुकसान होईल. मापनाची अचूकता व्यवहारात महत्त्वाची ठरते ती याच कारणाने.

### टूरवरील वापर

पीजीए टूरवर या हिशेबात आणखी एक दुरुस्ती करतात. त्या दिवशी त्या मैदानावर खेळलेल्या सर्व खेळाडूंच्या सरासरीशी खेळाडूची तुलना केली जाते; त्यामुळे कठीण ग्रीन किंवा वाऱ्याचा दिवस यांचा परिणाम निघून जातो. या मापानुसार इंग्लंडचे ल्यूक डोनाल्ड २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षे अग्रस्थानी होते. ऑस्ट्रेलियाच्या जेसन डे यांनी २०१६ च्या मोसमात प्रत्येक फेरीमागे सरासरी १.१३० फटक्यांचा लाभ नोंदवला. फेरीमागे एक फटका ही गोष्ट किरकोळ वाटते. पण चार फेऱ्यांच्या स्पर्धेत ती चार फटक्यांची आघाडी होते आणि पुष्कळ स्पर्धांचा निकाल त्याहून कमी फरकाने लागतो.

### मर्यादा

फटके-लाभ पद्धत अंतर पाहते, उतार पाहत नाही. १० फुटांचा सरळ चढावरचा पट आणि तितक्याच अंतराचा, आडव्या उतारावरून वळणारा पट तिच्या लेखी समान असतात. दीर्घकाळात असे फरक एकमेकांना छेद देतात. परंतु एका फेरीच्या आकड्यावर त्यांचा परिणाम राहतो. दुसरे असे, की व्यावसायिकांशी तुलना केल्यास हौशी खेळाडूचा आकडा जवळजवळ नेहमीच ऋण येतो. त्याने स्वतःच्याच मागील वर्षाच्या आकड्याशी किंवा आपल्या पातळीच्या खेळाडूंशी तुलना करणे अधिक उपयुक्त ठरते.

## कौशल्याचे घटक

फटके-लाभाचा आकडा किती हे सांगतो, का हे सांगत नाही. कारण शोधण्यासाठी पटिंगचे तीन घटक वेगळे करून मोजावे लागतात.

दिशा. सपाट ग्रीनवर हळू वेगाने येणारा चेंडू खळग्यात पडण्यासाठी चेंडूचा मध्य खळग्याच्या कडेच्या आत यावा लागतो. भूमितीने हिशेब केल्यास ३ फुटांवरून दिशेतील सुमारे ३.४ अंशांची चूक खपते; १० फुटांवरून जेमतेम १ अंशाची आणि २० फुटांवरून केवळ अर्ध्या अंशाची. यॉन कार्लसन व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या, वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या अभ्यासात दिशेतील सातत्यावर फटक्याच्या क्षणी पटरच्या तोंडाचा कोन सुमारे ८० टक्के, पटरचा मार्ग १७ टक्के आणि चेंडूला लागण्याची जागा ३ टक्के प्रभाव टाकते, असे आढळले. जर्मनीतील सॅम पटलॅब यांसारखी उपकरणे ध्वनीतरंगांच्या साहाय्याने हाच कोन मोजतात.

वेग. खळग्याची परिणामकारक रुंदी चेंडूच्या वेगावर ठरते. ब्रायन होम्स यांनी १९९१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, सपाट ग्रीनवर अगदी मध्यातून जाणारा चेंडूही सेकंदाला सुमारे १.६३ मीटरपेक्षा अधिक वेगाने आला, तर खळग्यावरून उडून पलीकडे जातो. वेग कमी तितकी खळग्याची रुंदी अधिक उपयोगी पडते. मात्र फार हळू चेंडू मध्येच थांबतो किंवा गवताच्या बारीक खड्ड्यांनी भरकटतो. डेव्ह पेल्झ यांनी चुकलेला चेंडू खळग्यापलीकडे १७ इंचांवर थांबेल इतका वेग सर्वांत अनुकूल मानला. लांबच्या पटांवर वेगाचे माप म्हणजे पहिल्या पटानंतर उरलेले अंतर. टूरच्या सरासरीने पाहता, उरलेले अंतर ३ ऐवजी ५ फूट झाले, तर अपेक्षित पट १.०४ वरून १.२३ वर जातात. म्हणजे प्रत्येक वेळी ०.१९ फटक्याचा तोटा होतो.

ग्रीनचे वाचन. चढ, उतार आणि गवताचा कल पाहून चेंडू किती वळेल याचा अंदाज बांधणे म्हणजे ग्रीनचे वाचन. त्याचे थेट मोजमाप कठीण आहे. चुकलेले पट खळग्याच्या उताराकडील बाजूने गेले की चढाकडील, याची नोंद ठेवली तर वळणाचा अंदाज नेहमी कमी पडतो की जास्त, हे कळू शकते. चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरल्या असतील, तर दोष बहुधा वाचनापेक्षा फटक्यात असतो.

## ग्रीनचा वेग व स्टिम्पमीटर

एकाच खेळाडूचे दोन मैदानांवरील आकडे ताडून पाहताना ग्रीनचा वेग माहीत असणे आवश्यक असते. १९३५ ची अमेरिकन खुली स्पर्धा पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट येथे झाली. तेथील वेगवान ग्रीनवरून जीन सॅराझेन यांचा पट घरंगळत थेट बंकरमध्ये गेल्याचे पाहून स्टिम्पसन यांना वेग मोजण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. अमेरिकेतील गोल्फ संघटनेसाठी फ्रँक थॉमस यांनी १९७६ मध्ये त्या साधनात सुधारणा केली आणि १९७८ पासून ते मैदानांना उपलब्ध झाले.

स्टिम्पमीटर म्हणजे ३६ इंच लांबीची, मध्ये खाच असलेली ॲल्युमिनियमची पट्टी. चेंडू तिच्यावरील खोबणीत ठेवून पट्टीचे एक टोक हळूहळू उचलतात. सुमारे २० अंशांचा कोन होताच चेंडू आपोआप सुटतो. सपाट जागी तीन चेंडू एका दिशेने व तीन उलट दिशेने सोडून ते सरासरी किती फूट घरंगळले, हा त्या ग्रीनचा वेग. हाताचा जोर कुठेही लागत नसल्याने कोणीही मोजले, तरी उत्तर जवळपास तेच येते.

## हौशी खेळाडूची नोंदपद्धत

महागड्या उपकरणांशिवायही विश्वासार्ह नोंद ठेवता येते. त्यासाठी प्रत्येक होलवर चार गोष्टी टिपणे पुरेसे असते:

# पहिल्या पटाचे अंतर;
# त्या होलवर लागलेले एकूण पट;
# पहिला पट चुकल्यास उरलेले अंतर, आणि चेंडू आखूड राहिला की पुढे गेला;
# चेंडू चढाच्या बाजूने गेला की उताराच्या.

अंतर पावलांनी मोजता येते. मात्र प्रत्येकाचे पाऊल वेगळे असल्याने आधी घरी टेपने ३० फूट आखून त्यात आपली किती पावले बसतात, हे पाहून घेणे इष्ट. फेरीनंतर पट अंतरानुसार गटांत मांडतात; उदाहरणार्थ ३ फुटांपर्यंत, ४ ते ६, ७ ते १०, ११ ते २० आणि त्यापुढे. प्रत्येक गटात किती पटांपैकी किती यशस्वी झाले, हे लिहिले की कोणत्या अंतरावर फटके वाया जात आहेत ते दिसू लागते.

मित्रांच्या खेळात ‘गिमी’ म्हणून सोडून दिलेले छोटे पट नोंदीतील सर्वांत मोठी पळवाट ठरतात. समोरासमोरच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा पट सोडून देणे नियमात बसते. पण न मारलेला पट यशस्वी म्हणून लिहिला, तर ३ फुटांच्या गटातील आकडा फुगतो. ज्याला आपले खरे कौशल्य जाणून घ्यायचे आहे, त्याने तो पट मारावा किंवा नोंदीतून वगळावा.

सरावाच्या ग्रीनवर घेतलेल्या चाचण्या याला पूरक असतात. ३, ५ व ८ फुटांवरून खळग्याभोवती वेगवेगळ्या बाजूंनी प्रत्येकी ठरावीक पट मारून यशाचे प्रमाण लिहिणे, तसेच ३० व ४० फुटांवरून मारलेल्या पटांचे उरलेले अंतर मोजणे, ही त्यांची सामान्य रूपे होत. एकाच जागेवरून लागोपाठ मारलेले पट मात्र चाचणी म्हणून कमकुवत ठरतात, कारण दुसऱ्या पटापासून खेळाडूला उत्तर आधीच माहीत असते.

## नमुन्याचा आकार व यदृच्छा

थोड्या पटांवरून काढलेले निष्कर्ष डळमळीत असतात. समजा, एखादा खेळाडू एका ठरावीक अंतरावरून खरोखरच निम्मे पट यशस्वी करतो. त्याने २० पट मारले, तर संभाव्यतेच्या नियमानुसार १० ऐवजी ८ किंवा १२ यशस्वी होणे अगदी सामान्य आहे; ६ किंवा १४ देखील अधूनमधून दिसतील. कौशल्यात काडीचाही फरक न पडता यशाचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेल्याचे भासते. १०० पट मारल्यावरही ४० ते ६० ही मर्यादा ओलांडली जाईपर्यंत बदल खरा आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

त्यामुळे एका फेरीच्या आकड्यावरून पकड, उभे राहण्याची ढब किंवा पटर बदलणे अविचाराचे ठरते. दहा-वीस फेऱ्यांची सरासरी आणि तिची मागील तितक्याच फेऱ्यांशी तुलना हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. छोट्या पटांतील यश मात्र सातत्याने, अनेक आठवडे घसरत असेल, तर त्याकडे लक्ष द्यावे लागते. फटक्याच्या क्षणी हाताला अनैच्छिक झटका बसण्याचा ‘यिप्स’ हा त्रास प्रथम याच अंतरांवर जाणवतो.

## मानसिक घटक

पटाचे अंतर सारखे असले, तरी प्रसंग सारखा नसतो. डेव्हिन पोप व मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांनी पीजीए टूरवरील २५ लाखांहून अधिक पटांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला, की पारपेक्षा एक फटका कमी करून देणारा बर्डीचा पट खेळाडू तशाच पारच्या पटापेक्षा सुमारे दोन टक्के बिंदूंनी कमी वेळा यशस्वी करतात. मिळवण्याच्या आशेपेक्षा गमावण्याची भीती माणसाला अधिक सावध करते, या अर्थशास्त्रातील सिद्धांताचा तो पुरावा मानला जातो. नोंदवहीत पट पारचा होता की बर्डीचा, एवढे लिहून ठेवले तर स्वतःच्या खेळातही हा कल तपासता येतो.

## एकूण खेळातील स्थान

लांब फटक्याने वाहवा मिळते आणि पटाने बक्षीस मिळते, अशा अर्थाची एक जुनी म्हण इंग्रजी भाषक गोल्फपटूंमध्ये रूढ आहे. एकूण फटक्यांपैकी सुमारे ४० टक्के पट असल्याने ती खरी वाटते. परंतु ब्रॉडी यांच्या विश्लेषणानुसार पीजीए टूरवरील अव्वल खेळाडूंना इतरांवर मिळणाऱ्या आघाडीत पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच असतो. ग्रीन गाठणाऱ्या फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के भरतो. याचा अर्थ पटिंग क्षुल्लक आहे असा नव्हे. एखाद्या आठवड्यातील विजेत्याचे पटिंग बहुधा त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बरेच सरस असते. दीर्घकालीन क्रमवारी आणि एका स्पर्धेतील विजय, यांची गणिते वेगळी आहेत.

## भारतातील संदर्भ

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताच्या अदिती अशोक यांनी चार फेऱ्यांत पारपेक्षा १५ फटके कमी घेऊन महिला गटात चौथे स्थान मिळवले. पहिल्या फटक्याच्या अंतरात त्या अनेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होत्या. त्यांच्या पटिंगचे मात्र सर्वत्र कौतुक झाले. या निमित्ताने गोल्फ न खेळणाऱ्या असंख्य भारतीयांनी पटिंगचा थरार प्रथमच अनुभवला. पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी अनेक वर्षे पीजीए टूरवर खेळले. त्या काळातील त्यांच्या पटांची नोंद शॉटलिंकच्या आकडेवारीत आहे.

महाराष्ट्रातील मैदानांवर नोंदी ठेवताना ऋतूचे भान आवश्यक असते. मुंबईतील चेंबूर किंवा पुण्यातील येरवडा येथील ग्रीन पावसाळ्यात ओली व मंद असतात, तर हिवाळ्यात कोरडी व तुलनेने वेगवान. जुलैतील आखूड राहिलेले पट आणि जानेवारीतील पुढे गेलेले पट यांची एकत्र सरासरी काढली, तर वेगावर उत्तम नियंत्रण असल्याचा आभास निर्माण होतो. म्हणून दोन्ही ऋतूंच्या नोंदी स्वतंत्र ठेवून, पावसाळ्याची तुलना मागील पावसाळ्याशी आणि हिवाळ्याची मागील हिवाळ्याशी करणे योग्य ठरते.